पास्ट परफेक्ट: ‘होतं’ दिसलं की ‘हॅड’ लावायचं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी बोलायला शिकणारी मोठी माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा प्रेझेंट परफेक्टला सगळी घाबरून असतात आणि पास्ट परफेक्टला कुणीच घाबरत नाही. तो आपल्याला येतो, असं प्रत्येकाला वाटतं. ‘होतो, होती, होतं’ म्हणजे ‘हॅड’, झालं काम! खरा घोळ तिथेच आहे. खालचे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात. क्रमही साधारण विचारले जातात तसाच आहे, व्याकरणाच्या पुस्तकातला नाही. इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहिली आहेत. ती डोळ्यांनी नका वाचू, तोंडाने म्हणा.

पास्ट परफेक्ट म्हणजे नेमकं काय?

बांधणी सोपी आहे: ‘हॅड’ आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. हॅड गॉन, हॅड सीन, हॅड फर्गॉटन. कर्ता कुणीही असो, ‘हॅड’ बदलत नाही. नकारात ‘हॅडन्ट’, प्रश्नात ‘हॅड’ कर्त्याच्या आधी. बांधणीवर यापेक्षा जास्त वेळ घालवू नका.

अर्थ मात्र नीट पाहा. ‘व्हेन आय रीच्ड होम, दे हॅड गॉन टू बेड.’ मी घरी पोचले, तोवर सगळे झोपायला गेलेले होते. इथे बोलणारी व्यक्ती आधी भूतकाळातल्या एका क्षणी जाऊन उभी राहते, म्हणजे घरी पोचल्याच्या क्षणी, आणि तिथून आणखी मागे बघते. हान्स रायशेनबाख या तत्त्वज्ञाने 1947 साली काळांची मांडणी तीन बिंदूंनी केली: घटना घडली तो क्षण, आपण बोलतोय तो क्षण आणि ज्या क्षणावरून आपण घटनेकडे बघतोय तो क्षण. पास्ट परफेक्टमध्ये हे तिन्ही वेगवेगळे असतात. आधी घटना, मग बघण्याची जागा, मग आजचं बोलणं. या मधल्या बिंदूला मी ‘उभं राहायची जागा’ म्हणते. ती नसेल तर ‘हॅड’ नाही. पुढचं जवळजवळ सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

याच काळाला इंग्रजीत ‘प्लूपरफेक्ट’ असंही म्हणतात. ते नाव लॅटिनमधून आलंय आणि त्याचा अर्थ ‘पूर्णाहून अधिक’. पूर्णाहून अधिक म्हणजे काय, हे विचारणारा एक तरी विद्यार्थी भेटतोच. उत्तर वर दिलंय: पूर्ण झालेल्याच्याही मागचं.

‘गेलो होतो’ म्हणजे ‘हॅड गॉन’च ना?

नाही. हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा बैठक मारून बोलू.

‘काल मी डॉक्टरकडे गेलो होतो.’ याचं इंग्रजी करा म्हटलं की बहुतेक जण म्हणतात, ‘यस्टर्डे आय हॅड गॉन टू द डॉक्टर.’ इंग्रजीत इथे साधं ‘आय वेंट टू द डॉक्टर यस्टर्डे’ हवं.

मराठीत ‘गेलो’ आणि ‘गेलो होतो’ यांत फरक आहेच, पण तो निराळा. ‘तो बाहेर गेला’ म्हटलं तर तो अजून बाहेरच असू शकतो. ‘तो बाहेर गेला होता’ म्हटलं की जाऊन आला, विषय मिटला. ‘मी दार उघडलं’ आणि ‘मी दार उघडलं होतं’ यांतही तेच. दुसऱ्या वाक्यात ते दार आता बंद असावं, अशी शंका येते. म्हणजे मराठीतलं ‘होतं’ पुष्कळदा प्रकरण बंद झाल्याची खूण असते. कधी ते नुसतं लांबचं अंतर दाखवतं: ‘लहानपणी मी पोहायला शिकले होते’, ‘आम्ही 1998 साली इथे राहायला आलो होतो’. अशा ‘होतो’ला दुसऱ्या कुठल्याही घटनेचा आधार लागत नाही. ते आजपासूनचं अंतर मोजतं.

इंग्रजी ‘हॅड’ आजपासून मोजत नाही. ते भूतकाळातल्याच दुसऱ्या क्षणापासून मोजतं. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट असली तरी ती एकटी असेल तर सिंपल पास्टच: ‘आय लर्न्ड टू स्विम ॲज अ चाइल्ड’, ‘वी मूव्ह्ड हिअर इन 1998’. उलट दहा मिनिटांपूर्वीच्या गोष्टीलाही ‘हॅड’ लागू शकतं: ‘आय ओपन्ड द फ्रिज. समवन हॅड फिनिश्ड द मिल्क.’ फ्रिज उघडण्याचा क्षण ही उभं राहायची जागा, दूध संपवणं त्याच्या मागे. गोष्ट किती जुनी आहे याच्याशी ‘हॅड’ला देणंघेणं नाही.

मग ‘बसला होता’, ‘घातला होता’ याचं काय करायचं?

इथे तर ‘हॅड’ लावलं की अर्थच फिरतो. ‘तो खिडकीपाशी बसला होता’ हे वाक्य बसण्याची क्रिया सांगत नाही, त्या वेळची अवस्था सांगतं. इंग्रजीत ‘ही वॉज सिटिंग बाय द विंडो’. ‘ती झोपली होती’ म्हणजे ‘शी वॉज अस्लीप’. ‘त्याने निळा शर्ट घातला होता’ म्हणजे ‘ही वॉज वेअरिंग अ ब्लू शर्ट’. ‘लाइट लागला होता’ म्हणजे ‘द लाइट वॉज ऑन’.

‘ही हॅड वोर्न अ ब्लू शर्ट’ हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता माझी मान आपोआप हलते. ऐकणाऱ्याला त्यातून असं वाटतं की त्याने आधी कधीतरी निळा शर्ट घातला होता, पण आपण बोलतोय त्या वेळी अंगावर दुसराच काहीतरी होता.

आणखी दोन ‘होतं’ असेच फसवे. ‘मला जायला हवं होतं’ म्हणजे ‘आय शुड हॅव गॉन’. ‘मला तुला काहीतरी सांगायचं होतं’ म्हणजे ‘आय वाँटेड टू टेल यू समथिंग’. दोन्हींत पास्ट परफेक्ट कुठेच नाही. ‘आय हॅड टू टेल यू’ म्हटलंत तर ‘मला सांगावंच लागलं’ असा निराळा अर्थ निघतो.

ऑफिसच्या ईमेलमध्ये ‘आय हॅड सेंट यू द फाइल यस्टर्डे’ लिहिणं चूक आहे का?

भारतीय इंग्रजीत हा वापर इतका रुळलाय की आपसात कुणाला खटकत नाही. ‘पाठवली होती ना मी’ मधला तो मऊ आठवणीचा सूर त्यात येतो, असं आपल्याला वाटतं. मीही पहिल्या नोकरीत हेच लिहायची. एकदा परदेशातल्या एका सहकाऱ्याला हेच वाक्य लिहिलं. त्याचं उत्तर एका शब्दाचं: ‘अँड?’ मला तो उर्मटपणा वाटला. बऱ्याच दिवसांनी कळलं की तो खरोखर पुढच्या वाक्याची वाट बघत होता. मी ‘हॅड’ लिहिलं म्हणजे पुढे काहीतरी झालं असणार: फाइल पाठवली होती, पण मग ती उडाली? बदलली? मी पुढे काहीच लिहिलं नव्हतं.

म्हणून सरळ ‘आय सेंट यू द फाइल यस्टर्डे’ लिहा. आठवण मऊपणे करायची असेल तर ‘डिड यू गेट अ चान्स टू सी इट?’ हा पुढचा प्रश्न ते काम करतो. ‘मी तुला सांगितलं होतं!’ याचंही इंग्रजी भांडणात ‘आय टोल्ड यू!’ एवढंच. तिथे ‘हॅड’ घातलं तर भांडण थंड पडतं.

पण हेच ‘हॅड’ पुढच्या घटनेसकट लिहिलंत तर एकदम बरोबर: ‘आय हॅड सेंट द फाइल बिफोर यू चेंज्ड द डेट.’

मग रोजच्या बोलण्यात ‘हॅड’ येतं तरी कुठे?

गंमत अशी की जिथे मराठीत ‘होतं’ नसतं, तिथेच ते सगळ्यात जास्त येतं.

‘दारात पोचल्यावर लक्षात आलं, किल्ली आतच राहिलीये.’ हे मराठी वाक्य पाहा. शेवटी ‘राहिलीये’ आहे, चक्क वर्तमानातलं. मराठी बोलणारा माणूस त्या क्षणाच्या डोक्यात शिरतो आणि तिथला ताजा विचार जसाच्या तसा सांगतो. इंग्रजी बोलणारा बाहेरच उभा राहतो आणि तोच विचार एक पायरी मागे ढकलतो: ‘आय रियलाइज्ड आय हॅड लेफ्ट द की इनसाइड.’ इथे ‘आय हॅव लेफ्ट’ म्हणणं ही मराठी माणसाची नेहमीची चूक. ‘गेलो होतो’मधल्या चुकीच्या बरोबर उलटी.

आणखी काही जोड्या:

‘मला वाटलं तू गेलास.’ ‘आय थॉट यू हॅड लेफ्ट.’

‘त्यांनी नोकरी सोडलीये हे मला माहीतच नव्हतं.’ ‘आय डिडन्ट नो ही हॅड क्विट.’

‘मी विसरलेच, हे तुला आधीच सांगितलंय.’ ‘आय फर्गॉट आय हॅड ऑलरेडी टोल्ड यू.’

‘ऐकलं की ती आजारी पडली.’ ‘आय हर्ड शी हॅड फॉलन इल.’

कळणं, वाटणं, आठवणं, विसरणं, ऐकणं, लक्षात येणं. भूतकाळातल्या अशा क्रियापदांच्या पोटात जे जुनं वाक्य असतं, ते ‘हॅड’चं खरं घर आहे. दिवसभरात कानावर पडणारी पास्ट परफेक्टची वाक्यं नीट ऐकलीत तर बरीचशी या घरातली निघतील.

दुसरं ठिकाण म्हणजे कारण सांगणं. ‘आय वॉज हंग्री बिकॉज आय हॅडन्ट ईटन ऑल डे.’ भूक लागली होती, का, तर दिवसभर काही खाल्लं नव्हतं. इथे मात्र मराठी आणि इंग्रजी हातात हात घालून चालतात. ‘नव्हतं’ म्हणजे ‘हॅडन्ट’ हे ‘होतं’ म्हणजे ‘हॅड’पेक्षा कितीतरी जास्त वेळा जुळतं.

दुसऱ्याचं बोलणं सांगताना दर वेळी ‘हॅड’ हवंच का?

‘तो म्हणाला, मी पैसे भरलेत’ याचं ‘ही सेड ही हॅड पेड’. हा वरचाच प्रकार. पण वाक्यात ठरावीक साल किंवा तारीख असेल आणि क्रमाचा गोंधळ होण्यासारखा नसेल, तर कुणी उगाच मागे ढकलत बसत नाही: ‘शी टोल्ड मी द ब्रिज वॉज बिल्ट इन 1960.’ पूल सांगण्याच्या आधी बांधला हे वेगळं सांगायची गरज नाही. परीक्षेत मात्र नियमाने ढकला. तिथे तपासणाऱ्याशी वाद घालता येत नाही.

शाळेत शिकवलं होतं: आधीच्या क्रियेला ‘हॅड’, नंतरच्या क्रियेला सिंपल पास्ट. ते चूक होतं?

चूक नव्हे, अपुरं. डॉक्टर येण्याआधी दगावलेल्या त्या रुग्णाचं वाक्य आठवतंय? ‘द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम.’ कितीतरी पिढ्यांनी ते घोकलंय. व्याकरणाने ते बरोबर आहे, पण नेमकं याच वाक्यात ‘हॅड’ची फारशी गरज नाही. ‘बिफोर’ हा शब्द क्रम सांगून मोकळा झालाय. ‘द पेशंट डाइड बिफोर द डॉक्टर केम’ तितकंच बरोबर आणि बोलण्यात जास्त सहज. ‘आफ्टर’चंही तसंच: ‘आफ्टर दे लेफ्ट, आय लॉक्ड द डोअर.’ ‘आफ्टर दे हॅड लेफ्ट’ म्हटलंत तर ते पूर्ण निघून गेल्यावर, असा किंचित जोर येतो, एवढंच.

दोन घटना लागोपाठ घडल्या आणि त्याच क्रमाने सांगितल्या, तर ‘हॅड’ नकोच. ‘आय गॉट अप, मेड टी अँड रेड द पेपर.’ उठले, चहा केला, पेपर वाचला. प्रत्येक क्रिया पुढचीच्या आधी आहे म्हणून ‘आय हॅड गॉट अप’ म्हणायचं नसतं. क्रम उलटा सांगताना ‘हॅड’ कामाला येतं.

आणि शाळेतल्या नियमाला थेट तोंडघशी पाडणारं एक वाक्य: ‘शी लेफ्ट बिफोर आय हॅड फिनिश्ड स्पीकिंग.’ माझं बोलून व्हायच्या आधीच ती निघून गेली. आधी काय झालं? तिचं जाणं. ‘हॅड’ कुठे आहे? नंतरच्या क्रियेला! ‘बिफोर’ आणि ‘अन्टिल’ यांच्यामागे ‘हॅड’ येतं तेव्हा ते ‘पूर्ण होणं’ दाखवतं. ती क्रिया खरंच आधी घडली, असं त्यातून ठरत नाही. हे वाक्य दाखवलं की वर्गात दोन मिनिटं शांतता असते.

‘व्हेन’ आलं की काय करायचं?

तीन वाक्यं शेजारी ठेवा.

‘व्हेन आय अराइव्ह्ड, ही लेफ्ट.’ मी आले आणि तो निघाला. बहुधा माझ्यामुळेच.

‘व्हेन आय अराइव्ह्ड, ही वॉज लीव्हिंग.’ मी आले तेव्हा तो निघायच्या तयारीत होता, दारात भेटला.

‘व्हेन आय अराइव्ह्ड, ही हॅड लेफ्ट.’ मी आले तोवर तो गेलेला. भेट नाही.

‘बिफोर’, ‘आफ्टर’सारखं ‘व्हेन’ क्रम सांगत नाही, म्हणून सगळं ओझं क्रियापदावर येतं. पास्ट परफेक्ट मनापासून शिकायचा असेल तर या तीन वाक्यांवर शिका. डॉक्टरला आता निवृत्त करा.

‘बाय द टाइम’ याहून सोपं, कारण ‘तोवर’ हा अर्थ त्यातच आहे: ‘बाय द टाइम वी गॉट देअर, द फिल्म हॅड स्टार्टेड.’

वाक्यात दुसरी क्रियाच नसेल तर ‘हॅड’ येऊ शकतं?

येतं. उभं राहायची जागा त्याच वाक्यात असली पाहिजे असं नाही. ती आधीच्या वाक्यात असेल, नुसत्या वेळेत असेल. ‘बाय टेन ओक्लॉक आय हॅड फिनिश्ड.’ किंवा ‘शी लुक्ड टायर्ड. शी हॅडन्ट स्लेप्ट.’

‘हॅड’बरोबर ठरावीक वेळ सांगता येते का? प्रेझेंट परफेक्टला तर चालत नाही.

चालते. ‘आय हॅव मेट हिम इन 2015’ हे चूक. पण ‘आय रेकग्नाइज्ड हिम ॲट वन्स. वी हॅड मेट इन 2015’ हे बरोबर. फक्त गोष्ट भूतकाळात उभी राहून सांगताना ‘यस्टर्डे’चं ‘द डे बिफोर’ होतं आणि ‘अगो’च्या जागी बहुधा ‘बिफोर’ किंवा ‘अर्लिअर’ येतं: ‘ही हॅड कॉल्ड टू डेज अर्लिअर.’

जुनी आठवण लांबलचक सांगायची असेल तर प्रत्येक वाक्यात ‘हॅड’?

कृपा करून नको. एकदा मागे नेलंत की पुरे. मराठीतही आपण ‘गेलो होतो, बसलो होतो, खाल्लं होतं, आलो होतो’ असं सलग सांगत नाही, कंटाळा येतो. इंग्रजीत पहिल्या एकदोन क्रियापदांना ‘हॅड’, मग सरळ सिंपल पास्ट:

‘आय न्यू द हाउस वेल. आय हॅड स्टेड देअर वन्स, इयर्स बिफोर. इट रेन्ड ऑल वीक अँड वी प्लेड कार्ड्स.’

घर ओळखीचं होतं, तिथून मागे गेलो, एकदा ‘हॅड स्टेड’ म्हटलं. मग पाऊस पडला, पत्ते खेळलो, हे साधंच. ऐकणाऱ्याला ठाऊक आहे की आपण अजून त्या जुन्या आठवड्यातच आहोत. परत वर यायचं असेल तेव्हा ‘नाऊ’ किंवा ‘दिस टाइम’सारखा शब्द टाका.

पण मला सिनेमात ‘हॅड’ ऐकूच येत नाही!

कारण ते कुणी म्हणतच नाही, निदान तुम्ही म्हणता तसं खणखणीत नाही. सर्वनामानंतर ते नुसतं ‘ड’ होतं: आयड, यूड, हीड, शीड, वीड, देड. नामानंतर ‘ह’ गळतो आणि उरतं ‘अड’: ‘द ट्रेन अड लेफ्ट’. पुढच्या शब्दाची सुरुवात ‘ट’ किंवा ‘ड’ने असेल तर तो ड जवळपास गिळलाच जातो. ‘आयड टोल्ड हिम’ आणि ‘आय टोल्ड हिम’ हे मूळ भाषिकांच्या तोंडून वेगळं ओळखणं मलाही कधी जमत नाही. संदर्भावर भागवते. नकार मात्र स्पष्ट येतो: ‘हॅडन्ट’.

तुम्ही बोलताना दर वेळी पूर्ण ‘हॅड’ उच्चारलंत तर चूक काही नाही, पण ‘होतंच मुळी!’ असं ठासून सांगितल्यासारखं वाटतं.

‘आयड’ म्हणजे ‘आय हॅड’ की ‘आय वुड’?

पुढचं क्रियापद बघा. तिसरं रूप असेल तर ‘हॅड’: ‘आयड गॉन’. मूळ रूप असेल तर ‘वुड’: ‘आयड गो’. कम, रन, पुट यांची दोन्ही रूपं सारखीच, तिथे मागचापुढचा संदर्भच कामी येतो. ‘यूड बेटर गो’मधलं ‘ड’ मात्र ‘हॅड’चं आहे आणि त्याचा भूतकाळाशी काही संबंध नाही. ‘तू गेलेलं बरं’ असा तो आताचा सल्ला आहे.

‘हॅड हॅड’ ही छपाईची चूक असते ना?

नाही. पहिलं ‘हॅड’ मदतीचं, दुसरं ‘हॅव’चं तिसरं रूप. ‘आय फेल्ट बेटर आफ्टर आय हॅड हॅड सम रेस्ट.’ बोलताना पहिलं आखडून ‘आयड हॅड’ होतं, म्हणून कानाला खटकत नाही. कागदावर पाहिलं की दचकायला होतं. इंग्रजी शिक्षकांमध्ये एक जुनं कोडं फिरतं. जेम्स आणि जॉन या दोन विद्यार्थ्यांबद्दलचं एक वाक्य, त्यात अकरा ‘हॅड’ येतात आणि योग्य विरामचिन्हं दिली की ते वाक्य खरंच बरोबर ठरतं. सोडवण्यात एक संध्याकाळ छान जाते, इंग्रजी मात्र सुधारत नाही.

‘हॅड बीन डुइंग’ कधी?

उभं राहायच्या जागेपर्यंत काहीतरी चालू होतं, आणि किती वेळ किंवा त्याची खूण काय, हे सांगायचं असेल तेव्हा. ‘हर आइज वेअर रेड. शी हॅड बीन क्राइंग.’ डोळे लाल होते, रडत असणार. ‘ही हॅड बीन वर्किंग देअर फॉर थ्री इयर्स व्हेन आय जॉइन्ड.’ मराठीत आपण इथे ‘तीन वर्षांपासून काम करत होता’ म्हणतो, म्हणून ‘वॉज वर्किंग’ तोंडात येतं. ‘तीन वर्षांपासून’ असा काळ सांगितला की ‘वॉज’ सोडा, ‘हॅड बीन’ घ्या. नो, लाइक, बिलीव्ह अशांना मात्र आयएनजी सहसा लागत नाही: ‘आय हॅड नोन हर फॉर इयर्स.’

‘इफ’ आणि ‘विश’सोबतचं ‘हॅड’ हे तेच का?

रूप तेच, काम वेगळं. हे न घडलेल्या भूतकाळाबद्दल आहे. मराठीत इथे ‘होतं’ नाही, ‘असतं’ येतं, आणि ही खूण फार उपयोगाची आहे. ‘मला माहीत असतं तर मी आले असते.’ ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.’ तर-च्या आधीच्या ‘असतं’ला ‘हॅड’, नंतरच्या ‘असते’ला ‘वुड हॅव’. ‘इफ आय वुड हॅव नोन’ हे अमेरिकन बोलण्यात ऐकू येतं, पण लिहिताना टाळाच.

‘विश’ हळहळीसाठी: ‘आय विश आय हॅड आस्क्ड.’ विचारलं असतं तर बरं झालं असतं. लेखी इंग्रजीत ‘इफ’ गाळून ‘हॅड आय नोन’ अशीही उलटी सुरुवात होते. गप्पांत ती जरा भाषणासारखी वाटते.

‘आय हॅड होप्ड’ म्हणजे नुसतं ‘होप्ड’च ना?

नुसतं नाही. होप, प्लॅन, मीन, थिंक, वाँट यांच्याआधी ‘हॅड’ आलं की ‘तसं झालं नाही’ हे न बोलता कळतं. ‘आय हॅड होप्ड टू सी हर.’ भेट व्हावी अशी आशा होती, झाली नाही. ‘आय हॅड मेन्ट टू कॉल यू.’ फोन करणार होते, राहून गेला. माफी मागताना हे फार कामाचं आहे. आपल्याकडच्या ‘करणारच होते गं’चा तो इंग्रजी भाऊ.

‘ऑलरेडी’, ‘जस्ट’, ‘नेव्हर’ कुठे ठेवायचे?

‘हॅड’ आणि क्रियापद यांच्या मधे. ‘ही हॅड जस्ट लेफ्ट.’ ‘आय हॅड नेव्हर सीन स्नो.’ आणि ‘पहिल्यांदाच’ सांगताना: ‘इट वॉज द फर्स्ट टाइम आय हॅड फ्लोन.’ इथे मराठीत ‘पहिल्यांदाच विमानात बसले’ एवढंच असतं, ‘होते’ नसतंही, म्हणून ‘हॅड’ विसरलं जातं.

‘नो सूनर हॅड आय’ शिकू का?

वाचताना कळलं की पुरे. ‘नो सूनर’बरोबर ‘दॅन’ आणि ‘हार्डली’बरोबर ‘व्हेन’ येतं, हे परीक्षेपुरतं लक्षात ठेवा. बोलताना ‘ॲज सून ॲज’ वापरा.

अमेरिकन लोक पास्ट परफेक्ट वापरतच नाहीत म्हणे?

वापरतात. क्रम स्पष्ट असेल तिथे सिंपल पास्टवर भागवण्याकडे त्यांचा कल थोडा जास्त, एवढंच. ब्रिटिश बोलण्यातही ‘हॅड’ गळतंच. तिसऱ्या रूपात मात्र एक फरक ऐकू येईल: ब्रिटिश ‘हॅड गॉट’, अमेरिकन बहुतेकदा ‘हॅड गॉटन’. दोन्ही बरोबर, एक निवडा आणि त्यावर राहा.

‘हॅड’ची सवय सुटायला, किंवा लागायला, काय करू?

तुमचे पाठवलेले इंग्रजी ईमेल उघडा आणि ‘हॅड’ शोधा. प्रत्येक ठिकाणी विचारा: कशाच्या आधी? उत्तर त्या मजकुरात सापडलं तर राहू द्या, नाही सापडलं तर ‘हॅड’ खोडून सिंपल पास्ट करा. मग ‘रियलाइज्ड’, ‘थॉट’, ‘फर्गॉट’ शोधा आणि त्यांच्यामागे ‘हॅव’ लपलंय का ते पाहा. एका विद्यार्थिनीने हे केलं आणि दुसऱ्या दिवशी मला निरोप पाठवला: ‘आय हॅड डन द होमवर्क.’ मी उत्तर दिलं, ‘अँड?’ पाच मिनिटांनी तिचा दुसरा निरोप आला: ‘आय डिड द होमवर्क. आय थॉट आयड अंडरस्टुड इट.’